वेणी सोडणाऱ्यांचं दुकान: आमची वाटचाल

ब्रेडिंगच्या, म्हणजे कृत्रिम धागा गुंफून डोकंभर बारीक वेण्या घालण्याच्या धंद्यात नाव होतं ते वेण्या घालणाऱ्यांचं. सोडणाऱ्यांना कोणी विचारत नाही. आमचं दुकान मात्र सोडण्याच्या कामावर तगलं, आणि हे आम्ही मान वर करून सांगतो.

आमची हत्यारं पहिल्यापासून ठरलेली. भांगासाठी धातूच्या टोकाचा टेल कोम, म्हणजे लांब निमुळत्या दांड्याचा कंगवा, कारण प्लॅस्टिकचं टोक वाकलं की भांगही वाकडा जातो. टाळू धुवायला लांब नळीची बाटली. आणि हॅकल, म्हणजे उभ्या खिळ्यांची पाटी. कृत्रिम धाग्याची लड तिच्यातून ओढली की टोकं मागेपुढे होतात आणि वेणी खाली हळूहळू निमुळती होते. लड तशीच घेतली तर शेवट केरसुणीसारखा. प्री-स्ट्रेच्ड पॅक, म्हणजे टोकं आधीच मागेपुढे ओढलेल्या लडी, आल्यापासून हॅकल धूळ खातंय. पण कितीतरी पॅकमध्ये टोकं इतकी विरळ असतात की शेवटचा वीतभर भाग नुसता बारीक दोरा उरतो. तेव्हा पुन्हा हॅकलच काढावं लागतं.

सुरुवातीची वर्षं बरी गेली, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. मग आमच्याकडेच हात बसलेल्या एकीनं समोर दुकान थाटलं. पाटी लावली: निम्म्या वेळात पूर्ण डोकं. वेळ निम्मा कसा होतो हे धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. भांग पाडून केलेले वेणीचे चौकोन मोठे घ्यायचे, धागा मुळाशीच गाठ मारून अडकवायचा, त्यात भरपूर माल ठासायचा आणि करकचून ओढायचं. पहिल्या दिवशी डोकं झकास दिसतं, फोटोही छान येतो.

आम्ही नॉटलेस, म्हणजे मुळाशी गाठ नसलेल्या वेण्या घालत होतो. पहिले तीन-चार पेच निव्वळ स्वतःच्या केसांचे, मग दर पेचाला चिमूटभर धागा आत देत जायचं. भार मुळावर एकदम येत नाही आणि वेणी पहिल्याच दिवशी हवी तशी वळते. वेळ मात्र खाते. सरळ, गुळगुळीत केसांवर गाठीची वेणी जास्त दिवस पकडून राहते, हेही खरं. तशा केसांना आम्ही भांगापुरतं जेल लावतो आणि चौकोन लहान घेतो. ‘तुम्ही फार हळू’ म्हणत लोक समोर गेले. त्याचं आजही वाईट वाटतं.

त्यातच मालाचा घोळ झाला. पुरवठादारानं न कळवता धागा बदलला. पॅक तेच, रंग तेच, पण दोन-तीन दिवसांत एकेकीची टाळू खाजायला लागली. मानेवर लाल पुरळ. जाब विचारला तर उत्तर मिळालं की धुऊन वापरणं तुमचं काम. समोरच्या दुकानात ही बातमी चवीनं सांगितली गेली. महिनाभर खुर्च्या रिकाम्या आणि न वापरता येणारा माल रॅकवर, अशी वेळ आली.

धाग्यावर कारखान्यातल्या प्रक्रियेचा थर राहिलेला असतो, त्यानं खाज सुटते. तो काढायचा असा: लडीच्या एका टोकाला रबर सैल बांधून ठेवा, नाहीतर गुंता होतो. एक भाग पांढरं व्हिनेगर आणि चार भाग कोमट पाणी, त्यात अर्धा तास बुडवा. पाणी गढूळ होतं, कधी वर पांढरी साय धरते. मग साध्या पाण्यानं दोन-तीनदा खळबळून, टांगून रात्रभर वाळवा. पाणी कोमटच हवं. उकळत्या पाण्यानं धाग्याचा आकार बदलतो, वेण्यांची टोकं आपण उकळत्या पाण्यात बुडवून बसवतो ती त्याचमुळे. (टोकं लायटरनं वितळवणाऱ्यांना आमचा हात जोडून नमस्कार. त्याचे कडक मणी होतात आणि मान ओरखडतात.) एवढं करूनही खाज थांबली नाही तर त्या माणसाला तो धागाच सोसत नाही. वेण्या काढायच्या, तेल चोपडत बसायचं नाही.

दुकान रिकामं असताना वेण्या सोडून घ्यायला बायका येऊ लागल्या. बहुतेक समोरच्याच. कपाळाच्या कडेला मुळाशी पांढऱ्या तोंडाच्या बारीक पुळ्या, काहींच्या कानशिलावरचे केस विरळ झालेले. वेणीच्या ताणानं केस जातात ते वेळीच थांबलं तर परत येतात. वर्षानुवर्षं चाललं तर मूळच मरतं, मग कुठलंही तेल उपयोगाचं नाही.

सोडताना खरा घात होतो तो मुळाशी. वेणी जिथे सुरू होते तिथे मळ, जेल आणि कापसासारखे तंतू यांचं राखाडी कडं जमतं. ते न काढता केस ओले केले की त्याचा नमद्यासारखा घट्ट गोळा होतो आणि शेवटी कात्री लागते. म्हणून वेणी सुटली की आधी कोरड्यावरच कंडिशनर लावून ते कडं बोटांनी पसरवायचं, टेल कोमच्या टोकानं उचलायचं, मग टोकाकडून मुळाकडे विंचरायचं, आणि सगळ्यात शेवटी पाणी. हातात केसांचा पुंजका येतो, त्याला घाबरू नका. रोज पन्नास ते शंभर केस एरवीही गळतात. सहा आठवडे ते वेणीतच अडकून होते, म्हणजे दोन ते चार हजार केस. गळलेल्या केसाच्या एका टोकाला बारीक पांढरा ठिपका असतो. ठिपका नसलेले आखूड तुकडे दिसले तर मात्र केस तुटतोय.

पोहायला शिकवणाऱ्या एक बाई आमच्याकडे पहिल्यापासून येतात, आणि पडत्या काळात त्यांनीच माणसं धाडली. पाण्यात रोज उतरूनही त्यांच्या वेण्यांना कधी कुबट वास आला नाही. तलावात जाण्याआधी वेण्या साध्या पाण्यानं भिजवायच्या, थोडं कंडिशनर लावायचं, टोपी घालायची. बाहेर आलं की लगेच धुवायचं. वेणी चोळायची नाही, वरून खाली दाबत पाणी काढायचं आणि मग जुन्या सुती टी-शर्टात गुंडाळायची. मुळाशी ड्रायर थंड हवेवर, आणि पूर्ण वाळल्याशिवाय अंबाडा नाही. वेण्यांची लांबी खांद्यापर्यंतच, कारण लांब वेणी भिजली की तिचं वजन मानेला कळतं. शांपू दर दोन आठवड्यांनी, पाणी घालून पातळ केलेला, बाटलीच्या नळीनं फक्त भांगांवर. रात्री सॅटिनचा स्कार्फ. सहा आठवडे झाले की त्या स्वतःच फोन करतात.

विचारलं नसलं तरी सांगतो: वेण्या घातल्यावर झोपायला दुखण्यावरची गोळी घ्यावी लागत असेल तर ‘दोन दिवसांत सैल होईल’ यावर विश्वास ठेवू नका. कपाळालगतची वेण्यांची ओळ त्याच दिवशी सोडून घ्या. पहिला आठवडा उंच पोनी बांधू नका. ब्लीच किंवा स्ट्रेटनिंग केलंय? दोन आठवडे थांबा. आठ आठवड्यांपुढे वेण्या ठेवा म्हणणाऱ्या कोणाचंच ऐकू नका, त्या कितीही नीट दिसोत.

सोडल्या दिवशीच नव्या घाला म्हणणाऱ्यांना आम्ही परत पाठवतो. मध्ये आठवडा तरी हवा, दोन झाले तर उत्तम. समोर त्याच दिवशी घालून मिळतात. खुशाल जा, सोडायला इकडे या. फक्त घरून वेण्या कापून येऊ नका. आपला केस कुठे संपतो ते वेणीत बाहेरून दिसत नाही. मागची एक वेणी आधी पूर्ण सोडायची, केस ताणून मोजायचा, त्याखाली तीन बोटं सोडून मगच बाकीच्यांना कात्री. केस सगळीकडे सारखा नसेल तर हे मापही प्रत्येक बाजूला वेगळं घ्यायचं.