रेटिक काउंट: माझे ८१ आणि मॅडमचे ४५

लॅबला लागून तिसराच आठवडा होता आणि मॅडमनी रेटिक काउंट (रक्तात कोवळ्या लाल पेशी, म्हणजे रेटिक, किती ते मोजणं) माझ्याकडे दिला. मला वाटलं त्यात काय एवढं, ईडीटीएचं (गोठू न दिलेलं) रक्त आणि न्यू मिथिलीन ब्लू हा स्टेन समप्रमाणात घ्यायचा, ३७ डिग्रीला १५-२० मिनिटं ठेवायचं, स्मिअर (स्लाइडवर थेंबाचा पातळ थर) काढायचा आणि ऑइल इमर्शनखाली १००० लाल पेशी मोजत त्यात कोवळ्या किती ते बघायचं. या पेशींचं न्यूक्लियस गेलेलं असतं पण आरएनए थोडा शिल्लक असतो, तोच स्टेनमुळे निळ्या जाळीसारखा दिसतो.

माझे ८१ आले, म्हणजे ८.१ टक्के. मॅडमनी त्याच ट्यूबमधून दुसरी स्लाइड केली, त्यांचे ४५. मी हट्टाने माझी स्लाइड परत मोजली तर ७८!! म्हणजे मोजताना आकडा चुकला नव्हता, स्लाइडच चुकीची होती.

मॅडमनी फक्त एवढंच विचारलं, इन्क्युबेटरमधून काढल्यावर ट्यूब हलवलीस का गं? नव्हती हलवली. कोवळ्या पेशी वजनाला हलक्या, तेवढ्या वेळात त्या वर राहतात आणि जुन्या खाली बसतात, आणि मी थेंब घेतला तो अगदी वरूनच. शिवाय स्टेनही गाळलेला नव्हता, त्यामुळे पेशीवर बसलेला एकेक निळा कण मी रेटिक म्हणून धरत होते. फोकस जरा वरखाली केला की असा कण पेशीच्या वर वेगळाच दिसतो, आणि तसंही निदान दोन ठिपके असल्याशिवाय धरायचं नाही, हे मला तेव्हा कळलं (पुस्तकात होतं म्हणा, पण पुस्तक कोण नीट वाचतं).

खरी घाबरले ते पुढे. पेशंटचं हिमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशींचा टक्का) २५ होतं. रेटिकच्या टक्क्याला या २५ ने गुणून नॉर्मल हिमॅटोक्रिट ४५ ने भागलं, आणि मॅच्युरेशनसाठी (कोवळ्या पेशी रक्तात जास्त दिवस राहतात म्हणून) परत २ ने भागलं, तर माझ्या आकड्याने रेटिक इंडेक्स २.२५ येतो, मॅडमच्या आकड्याने १.२५. दोनच्या वर असेल तर मॅरो (हाडातला रक्तपेशी तयार करणारा भाग) अॅनिमियाला नीट प्रतिसाद देतोय, खाली असेल तर देत नाहीये. म्हणजे माझा रिपोर्ट तसाच गेला असता तर डॉक्टर लाल पेशी कुठे फुटतायत नाहीतर रक्त कुठे वाहतंय तेच शोधत बसले असते, आणि दुखणं भलतीकडेच.

आता ट्यूब आठ-दहा वेळा हळूच उलटसुलट केल्याशिवाय थेंब घेत नाही, स्लाइडही दोन करते आणि प्रत्येकीवर ५०० मोजते. दोन्ही स्लाइडचे आकडे फारच लांब पडले तर मुकाट्याने तिसरी.