नवी कोरी गिटार, आणि लगेच सेटअप? तुम्ही विचारलंत म्हणून

"अहो, मागच्याच आठवड्यात बॉक्समधून काढलीय, तिला सेटअप कशाला?" गिटार रिपेअरचं काम करतो म्हटल्यावर हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता एकदाच नीट लिहितो. सेटअप म्हणजे तारांची उंची, नेक आणि सूर वाजवणाऱ्याच्या हाताला जुळवून घेणं. विचारणारे बहुतेक वेळा आई-बाबा असतात, ज्याची गिटार तो पोरगा बाजूला मोबाईल बघत उभा, आणि मी पंधराशे म्हटलं की बाबांचा चेहरा कसा होतो ते मला पाठ झालंय. रागबिग नाही येत हं. आठ हजारांची वस्तू घेतली आणि तिच्यावर लगेच पंधराशे, कोणीही विचारेल.

तर होतं काय, फॅक्टरीतून गिटार बाहेर पडते तेव्हा ती कोण वाजवणार, कुठे राहणार हे कोणालाच माहीत नसतं, त्यामुळे तारा जरा उंचच ठेवून देतात. आता नट घ्या, म्हणजे खुंट्यांच्या टोकाला, हेडस्टॉकपाशी, ती पांढरी पट्टी असते ना जिच्या खाचांमधून तारा जातात, ती. त्या खाचा चुकून खोल कापल्या गेल्या तर तार पहिल्या फ्रेटवर (दांड्यावर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, ते फ्रेट) खर्र करून वाजते आणि गिटार दुकानात परत येते. उथळ ठेवल्या तर परत कोणी येत नाही, फक्त बोटं दुखतात, आणि बोटं दुखली की सगळे सांगतात "सुरुवातीला दुखतंच रे, प्रॅक्टिस कर". दुखतं, मान्य, टोकं कडक व्हायला काही आठवडे जातातच. पण माझ्याकडे अशा गिटारी येतात ज्यांच्यावर मला स्वतःला एफ कॉर्ड दाबताना दात-ओठ खावे लागतात, आणि मग तो बारा वर्षांचा मुलगा सांगतो की क्लासमधले सर म्हणतात तुझी बोटं वीक आहेत.

घरी एक टेस्ट करून बघा. एफचा जो बार कॉर्डचा, म्हणजे एक बोट आडवं टाकून सगळ्या तारा दाबायचा, शेप आहे तोच उचलून पाचव्या फ्रेटवर न्या, तिथे तो ए होतो. पाचव्यावर थोडं सोपं जाणारच, पण पाचव्यावर मजेत वाजतोय आणि पहिल्यावर जीव जातोय असा फरक असेल तर दोष बोटांचा नाही, नट उंच आहे. दुसरी टेस्ट, तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर बघा, तार आणि फ्रेट यांच्यात अगदी कागद सरकेल एवढीच फट पाहिजे. तिथून क्रेडिट कार्ड जात असेल तर काय बोलणार.

आणि उंच नटने नुसती बोटं दुखत नाहीत, सूरही बिघडतो. तार खाली न्यायला जास्त दाबावी लागते म्हणजे ती ताणली जाते म्हणजे स्वर वर चढतो, आणि हे सगळ्यात जास्त पहिल्या दोन-तीन फ्रेटवर होतं, जिथे नवशिके वाजवतात नेमकं तिथेच. मोकळ्या तारा ट्यूनरवर हिरव्या दिसतात आणि तरी सी कॉर्ड बेसूर! मग पोरं परत परत ट्यून करत बसतात आणि शेवटी म्हणतात मला कानच नाही.

आता पंधराशेत मी करतो काय. आधी तारा सुरात आणून नेक, म्हणजे गिटारचा दांडा, बघतो. अकूस्टिकवर बारा गेजचा (गेज म्हणजे तारेची जाडी) सेट लावला की सहा तारा मिळून सत्तर किलोच्या आसपास ओढ नेकवर येते, चोवीस तास, तुम्ही वाजवा नाहीतर कपाटावर टाका. ती ओढ सांभाळायला नेकच्या आत स्टीलची सळई असते, ट्रस रॉड. गिब्सन कंपनीला १९२३ मध्ये याचं पेटंट मिळालं आणि आज जवळपास प्रत्येक स्टीलच्या तारांच्या गिटारमध्ये ती असते. नेक किती वाकलाय ते बघायला पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), जिथे नेक बॉडीला मिळतो तिथे बोटाने तार दाबायची, आणि मधे सातव्या-आठव्या फ्रेटवर फट मोजायची. साधारण पाव मिलिमीटर चालते. मोजायला फीलर गेज, तोच जो बाईकचा टॅपेट सेट करायला मेकॅनिक वापरतो, पुण्यात बोहरी आळीत मिळतो, त्यात काही इम्पोर्टेड वगैरे नाही. (नटच्या फाईल्स मात्र बाहेरून मागवाव्या लागतात, प्रत्येक तारेच्या जाडीची वेगळी, आणि त्यांची किंमत मी घरी सांगितलेली नाही.)

इथे एक हात जोडून विनंती, ट्रस रॉड हा ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटवरची उंची, खाली करायचा स्क्रू नाही. व्हिडिओ बघून ॲलन की घेऊन पिळत सुटलेल्या गिटारी येतात, नेक उलटा वाकलेला, पहिले चार फ्रेट बझ करतायत, म्हणजे तार फ्रेटला लागून खर्र वाजतेय, आणि वरती ॲक्शन तेवढीच्या तेवढी.

नेक झाला की नट, मग सॅडल, म्हणजे बॉडीवर तारा जिथे अडकवतात त्या ब्रिजमधली पट्टी, जिच्यावर तारा टेकतात. सॅडलचं गणित सोपं आहे पण लोक चुकतात, बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो, त्यामुळे तिथे ॲक्शन अर्धा मिलिमीटर खाली हवी तर सॅडल खालून एक मिलिमीटर घासायचं. बाराव्यावर जाड तारेखाली अडीच मिलिमीटरच्या आतबाहेर आणि बारीक तारेखाली दोनच्या जवळ ठेवतो मी. जोरात स्ट्रमिंग करणाऱ्याला जरा वर, फिंगरस्टाईलवाल्याला खाली. म्हणून मी आधी वाजवायला लावतो, आणि लोक लाजतात! "नाही हो मला काही येत नाही". अहो येत नाही तेच वाजवा, हात किती जोरात पडतो एवढंच बघायचंय. शेवटी इंटोनेशन, म्हणजे बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसतं हलकं बोट लावून निघतो तो स्वर) आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर एक येतोय का. इलेक्ट्रिकला सॅडल स्क्रूने मागेपुढे होतं, अकूस्टिकला हाडाची पट्टी कानशीने झिजवत बसावं लागतं.

एवढं करून तुम्ही म्हणाल झालं आता कायमचं. नाही ना! आपली हवा. पुण्यात मार्च-एप्रिलमधे दुपारी हवेतला दमटपणा तीस टक्क्यांच्या खाली जातो आणि जुलै-ऑगस्टमधे ऐंशीच्या वर. गिटार बनवणाऱ्या कंपन्या सांगतात पंचेचाळीस ते पंचावन्न ठेवा. कुठे ठेवा? पावसाळ्यात बाथरूमचं दार फुगून बसतं तसंच गिटारचं टॉप, म्हणजे बॉडीची पुढची फळी, फुगतं, ब्रिजच्या मागे पोट येतं, ब्रिज वर उचलला जातो आणि ॲक्शन चढते. उन्हाळ्यात उलटं, टॉप आत बसतं, तारा खाली येऊन बझ, आणि फ्रेटबोर्डचं लाकूड आकसतं पण फ्रेटचा धातू काही आकसत नाही, मग नेकवरून हात फिरवला की फ्रेटची टोकं करवतीसारखी लागतात. "गिटारचे फ्रेट वाढलेत" म्हणून फोन येतात तेव्हा मला कॅलेंडर बघायची गरज पडत नाही. सॉलिड, म्हणजे अखंड लाकडाच्या, टॉपला हे जास्त होतं, प्लायच्या टॉपला कमी, म्हणजे महागडी घेतली की जास्त जपायचं. आणि मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका प्लीज, सरस मऊ पडतो आणि तारांची ओढ ब्रिजला उखडून काढते, ते काम पंधराशेत होत नाही.

गंमत म्हणजे तानपुऱ्याच्या बाबतीत हे आपल्याकडे कोणाला समजवावं लागत नाही. मिरजेहून तानपुरा आणला, ज्याला आता २०२४ मधे जीआय मानांकनही मिळालंय, तर जवारी काढून घ्यायची, काही काळाने ती बसली की परत काढायची, त्यात गाणाऱ्याच्या घरात कोणाला काही वावगं वाटत नाही. ते कारागीर घोडीचा माथा घासून तारेला मुद्दाम झणझणायला लावतात आणि मी तीच झणझण घालवायला दिवसभर घासत असतो, पण काम दोघांचं एकाच जातीचं, केसाएवढं लाकूड नाहीतर हाड कमी करायचं आणि ऐकायचं. माझं म्हणणं एवढंच की वाद्य विकत घेणं आणि वाद्य वाजतं करून घेणं हे दोन खर्च आहेत, आणि गिटारच्या दुकानात दुसऱ्याबद्दल कोणी बोलत नाही.

प्रत्येक गिटारला करतो का? नाही. साडेतीन हजारांच्या गिटारवर पंधराशे घालायला मी सांगत नाही. तिच्यावर चांगल्या हलक्या तारा, दहा गेजच्या, नटच्या खाचा जरा खाली, सॅडल घासलं, पाचशेत सोडतो, तेवढ्यात निम्मं दुखणं जातं. नेकचा अँगलच चुकलेला असेल तर सरळ सांगतो की हिच्यावर खर्च करू नका, अशा वेळी लोक मला जास्त शिव्या घालतात, भेट म्हणून आलेली असते ना.

येणार असाल तर गिटार आहे त्या तारांसकट आणा, गंजलेल्या असल्या तरी. बरेच जण सौजन्य म्हणून तारा काढून, पुसून, वर खोबरेल तेल चोळून आणतात. तारा नसल्या तर नेकवर ओढ नाही आणि मला मोजायलाच काही उरत नाही, आणि ते खोबरेल काढण्यात माझा अर्धा तास जातो. ट्यूनिंग अर्धा स्वर खाली ठेवत असाल तर तसं सांगा, सेटअप त्यावर करावा लागतो. आणि ज्याची गिटार आहे त्याला सोबत आणा, बाबा एकटेच आले तर हात कोणाचा बघू?