मुलाचा फोन मुलाच्याच नावावर करताना

गेल्या उन्हाळी सुट्टीत एका दुपारी माझ्या बँक खात्यातून तीन वेळा पैसे गेल्याचे संदेश आले. फसवणूक झाली असे समजून मी सायबर गुन्ह्यांच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन लावण्याच्या बेतात होते, तेवढ्यात सहावीत जाणाऱ्या माझ्या मुलाने स्वतःच सांगितले की, एका खेळातले ‘डायमंड’ त्याने माझ्या फोनवरून विकत घेतले आहेत. रक्कम हजाराच्या आसपास, म्हणजे फार मोठी नव्हती. मला धक्का बसला तो यूपीआयचा पिन त्याला ठाऊक असण्याचा. चौकशी केल्यावर कळले की, सासूबाईंना चष्म्याशिवाय आकडे दिसत नाहीत म्हणून दूधवाल्याचे पैसे देताना त्या नातवालाच पिन टाकायला सांगत असत. त्यामुळे त्याला चोर ठरवण्यात काही अर्थ नव्हता.

पिन त्याच दिवशी बदलला. मुलाच्या वापरात असलेल्या फोनचे काय करायचे, हा प्रश्न मात्र राहिला. तो माझा जुना फोन होता, त्यात माझेच गूगल खाते सुरू होते आणि त्यामुळे गूगलच्या लेखी त्या फोनवर दिवसभर खेळ खेळणारी व्यक्ती बेचाळीस वर्षांची बाई होती. वयानुसार लागू होणारी कोणतीही गाळणी तिथे कामाला येणे शक्यच नव्हते. मी फोनमधले फोटो संगणकावर घेतले, फोन पूर्ण पुसून काढला आणि मुलाची खरी जन्मतारीख टाकून त्याचे वेगळे खाते उघडले. ‘कटकट नको, वय अठरा टाका’ असा सल्ला मोबाइलच्या दुकानात मिळाला होता. तो ऐकला असता, तर पुढचे सारे निरर्थक ठरले असते.

ते खाते मी फॅमिली लिंक या गूगलच्या अॅपमधून माझ्या खात्याला जोडले. पालकाला काय दिसणार, याची सूचना मुलाच्या फोनवर येते. ती मी त्याच्या शेजारी बसून मोठ्याने वाचली. ‘म्हणजे तू माझे मेसेज वाचणार?’ हा त्याचा पहिला प्रश्न होता. कोणते अॅप किती वेळ वापरले आणि फोन कुठे आहे हे मला कळेल, मेसेजमधला मजकूर कळणार नाही, असे सांगितल्यावर तो जरा सैलावला. रोजची मर्यादा दीड तास ठरली आणि रात्री नऊ ते सकाळी सात फोन बंद. पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी दोन तासांपेक्षा कमी वेळ असावा, असे भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे मार्गदर्शन आहे. माझा मुलगा त्या वयाच्या थोडा पुढे गेला असला तरी मी तोच आधार धरला. प्रत्येक खरेदीला माझी मंजुरी लागेल अशीही सोय केली. मात्र ही मंजुरी प्ले स्टोअरच्या व्यवस्थेतून होणाऱ्या खरेदीपुरतीच असते, त्यामुळे नवा पिन घरात कोणालाही न सांगणे हाच खरा उपाय होता. दूधवाल्याला आता सासूबाई रोख पैसे देतात.

खरी अडचण गृहपाठाची निघाली. शाळेचा गृहपाठ व्हॉट्सअॅपच्या गटावर येतो आणि व्हॉट्सअॅपच्या अटींनुसार त्यासाठी किमान वय तेरा आहे. साहजिकच तो माझ्या फोनवर येई, आणि गृहपाठ उतरवून घेण्याच्या निमित्ताने माझा फोन रोज संध्याकाळी तासभर मुलाच्या हातात जाई. म्हणजे एका फोनवर लावलेले कुलूप दुसऱ्या फोनवर उघडेच होते.

आमच्याच सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याची पद्धत सुरू झाली. तिथला नियम मुलांपुरता नव्हता, मोठ्यांच्या मालिकाही त्या वेळेत बंद होत, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटली. आम्ही भोंगा सोडून तेवढी वेळ उचलली. गृहपाठ सातच्या आत वहीत उतरवायचा आणि मग साडेआठपर्यंत सगळ्यांचे फोन स्वयंपाकघरातल्या फडताळात. सासूबाई त्यांची मालिका दुसऱ्या दिवशी दुपारी पाहू लागल्या, तीही कुरकुर न करता. कुरकुर केली ती माझ्या पतींनी, कारण कार्यालयातले फोन नेमके त्याच वेळी येतात. आता फोन वाजला तर फडताळापाशी उभे राहून बोलायचे, अशी तडजोड झाली आहे.

शनिवारी मुलगा चुलत भावाकडे जातो. तिथल्या फोनवर ना मर्यादा आहे, ना वेगळे खाते. जाऊबाईंना मी डायमंडची हकीकत सांगितली आणि त्यांच्या घरी पिन कोणाकोणाला ठाऊक आहे, एवढेच विचारले. त्यांनी थोडा विचार करून बोटे मोजायला सुरुवात केली.