क्यूआर कोड लावला, आता पावती कुणाच्या नावाने फाडायची?

लहान संस्थांचं सोशल मीडिया म्हणजे मुख्यतः व्हॉट्सअ‍ॅप. फेसबुकचं पान असतं, एखादा उत्साही कार्यकर्ता इन्स्टाग्रामवर रील टाकतो, पण देणगी येते ती बहुधा ग्रुपांमधून फिरलेल्या क्यूआर कोडवर. पोस्ट कशी लिहावी, किती वाजता टाकावी, हे सांगणारे पुष्कळ आहेत. खजिनदाराची मार्चअखेरची झोप उडते ती वेगळ्याच कारणाने: स्टेटमेंटवर पाचशे-हजारांच्या नोंदींची रांग असते आणि त्यातल्या कितीतरी नोंदींचा धनी कोण, हेच कळत नाही.

यूपीआयने पैसे आले की बँकेच्या नोंदीत दात्याचं अर्धवट तुटलेलं नाव, त्याचा यूपीआय आयडी आणि १२ आकडी संदर्भ क्रमांक एवढंच दिसतं. पत्ता नाही, पॅन नाही. दात्याचं नाव आणि पत्ता संस्थेच्या दप्तरी नसेल तर प्राप्तिकराच्या भाषेत ती निनावी देणगी. धर्मादाय संस्थेला अशा देणग्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये, यांत जी रक्कम जास्त असेल तिथपर्यंत चालतात. त्यावरच्या रकमेला सरसकट ३० टक्के कर. पोस्ट जितकी जास्त फिरेल तितका हा धोका वाढतो, हे पोस्ट करणाऱ्याच्या गावीही नसतं.

सुरुवात क्यूआरपासूनच करू. तो संस्थेच्या खात्याचाच हवा. ‘तात्पुरता’ म्हणून सचिवांचा वैयक्तिक क्यूआर टाकला जातो आणि वर्षभर तोच फिरत राहतो. मग तेच पैसे सचिवांच्या खात्यातून एकरकमी संस्थेकडे वळवले की कागदोपत्री दाता एकच उरतो: सचिव. बँकेकडून संस्थेच्या नावाचा क्यूआर घ्या, स्वतः १ रुपया पाठवा आणि पैसे भरण्यापूर्वी पडद्यावर संस्थेचं पूर्ण नाव येतं का ते बघा.

क्यूआरसोबत गूगल फॉर्मची लिंक द्या, आणि ती चित्राच्या आत छापा व मजकुरातही लिहा. लोक चित्र उतरवून स्टेटसला ठेवतात, तेव्हा खालचा मजकूर गळून पडतो. फॉर्मचा दुसरा क्यूआर शेजारी छापायचा मोह टाळा. लोक तोच पैसे भरायच्या अ‍ॅपमध्ये धरतात आणि ‘चालत नाही’ म्हणून सोडून देतात. संस्थेचा यूपीआय आयडी अक्षरांत जरूर लिहा. ज्या फोनवर क्यूआर आला त्याच फोनने तो स्कॅन कसा करणार? गॅलरीतून उघडला तर मोठी रक्कम बऱ्याचदा अडते.

फॉर्म छोटा ठेवा. पॅनवर असेल तसं नाव, पिनकोडसह पत्ता, मोबाईल, पॅन, रक्कम, तारीख आणि तो १२ आकडी क्रमांक. स्क्रीनशॉट मागू नका. गूगल फॉर्ममध्ये फाइल चढवायची तर दात्याला आधी गूगल खात्यात शिरावं लागतं, आणि घरातली ज्येष्ठ मंडळी तिथेच फोन बाजूला ठेवतात. क्रमांक कुठला हवा, ते मात्र फोड करून सांगा. गूगल पे स्वतःचा एक अक्षर-आकड्यांचा क्रमांक दाखवतं आणि यूपीआयचा वेगळा. फोनपेचा स्वतःचा क्रमांक ‘टी’ अक्षराने सुरू होतो, आपल्याला त्याखालचा यूटीआर, म्हणजे तोच १२ आकडी क्रमांक, हवा. ‘फक्त १२ आकडे, अक्षर नाही’ अशी ओळ प्रश्नाखाली टाकली की चुका बऱ्याच कमी होतात.

पॅनच्या रकान्याला तपासणीची अट लावा: पाच अक्षरं, चार अंक, शेवटी एक अक्षर. चौथं अक्षर ‘पी’ असेल तर ते व्यक्तीचं पॅन. दुसरं काही असेल तर कंपनी, ट्रस्ट, अविभक्त कुटुंब असलं काहीतरी, आणि मग नावही त्याचंच हवं. ‘यांच्या स्मरणार्थ’ हा रकाना वेगळाच ठेवा. आपल्याकडे निम्मी देणगी कुणाच्या तरी पुण्यतिथीला येते आणि दाता नावाच्या जागी वडिलांचं नाव लिहून मोकळा होतो. पावती ज्याने पैसे दिले त्याच्या नावाने, स्मरणार्थाचा उल्लेख खाली. नवऱ्याच्या खात्यातून पैसे आणि बायकोचं पॅन, असं दिसलं तर लगेच फोन करा; मे महिन्यात विचारलं तर कुणाला आठवत नाही.

आता ताळा. बँकेचं स्टेटमेंट दर आठवड्याला उतरवा, नोंदीतून १२ आकडे वेगळे काढा आणि फॉर्मच्या शीटशी जुळवा. इथे हमखास नडतं ते असं: एक्सेल ११ आकड्यांपेक्षा मोठी संख्या घातांकाच्या रूपात दाखवतं आणि सुरुवातीचं शून्य खाऊन टाकतं. शिवाय एका बाजूला क्रमांक ‘मजकूर’ आणि दुसऱ्या बाजूला ‘संख्या’ असला तर डोळ्यांना सारखे दिसणारे आकडे सूत्राला सारखे वाटत नाहीत. दोन्ही रकाने आधी मजकूर करून घ्या. जे जुळत नाहीत त्यांची वेगळी यादी करून त्याच आठवड्यात ग्रुपवर टाका: तारीख आणि रक्कम एवढंच, नाव नाही.

एवढा खटाटोप ३१ मेसाठी. आदल्या आर्थिक वर्षातल्या दात्यांचं विवरण, म्हणजे फॉर्म १०बीडी, त्या तारखेपर्यंत भरायचं आणि त्यातून निघालेलं १०बीई प्रमाणपत्र दात्याला द्यायचं. उशिराला दिवसाला २०० रुपये शुल्क, आणि दंड झाला तर किमान १० हजार. तुमची छापील पावती कितीही सुबक असली तरी दात्याची ८०जीची वजावट, म्हणजे देणगीवर मिळणारी करसवलत, या विवरणाशी जुळवली जाते. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला आहे. वर दिलेले क्रमांक जुन्या कायद्यातले, तेव्हा त्यानंतरच्या देणग्यांसाठी फॉर्मचं नाव सीएकडून पक्कं करून घ्या. पोस्टमध्ये ‘करसवलत मिळेल’ असं मोघम लिहू नका. नवी करप्रणाली घेतलेल्या दात्याला ही वजावट मिळत नाही, आणि २ हजारांवरच्या रोख देणगीला कुणालाच नाही.

परदेशातल्या आप्तांचा प्रश्न याहून नाजूक. पोस्ट न्यू जर्सीच्या किंवा लंडनच्या मराठी ग्रुपवर पोचतेच. तिथल्या माणसाकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे दिले तर ती विदेशी देणगी नव्हे. तोच माणूस अमेरिकेचा नागरिक झाला असेल तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं) असूनही ती विदेशी देणगी, मग पैसे भारतातल्या खात्यातून रुपयांत का आलेले असेनात. एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी नसेल तर ती घेता येत नाही; नोंदणी असेल तरी ती स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. यूपीआयला पासपोर्ट दिसत नाही. म्हणून ‘तुम्ही कोणत्या देशाचे नागरिक आहात?’ हा प्रश्न फॉर्ममध्ये सगळ्यात वर, आणि उत्तर ‘भारत’ नसेल तर फॉर्म तिथेच थांबेल अशी सोय करा. पासपोर्टची प्रत मागताना संकोच वाटतो, पण मागाच.

फोटोंबद्दल थोडक्यात. बालगृहातल्या मुलांचे चेहरे, नावं, शाळेचे गणवेश पोस्टवर नकोत. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. चेहऱ्यावर इमोजी चिकटवून खाली गावाचं नाव लिहिणं म्हणजेही ओळख देणंच.

दात्यांना पुढच्या बातम्या द्यायला ग्रुपपेक्षा ब्रॉडकास्ट यादी बरी, कारण एकाचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही. एका यादीत २५६ जण मावतात, पण तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केला आहे त्यांनाच निरोप पोचतो. त्यामुळे पावती पाठवतानाच ‘हा नंबर संस्थेच्या नावाने सेव्ह करा’ अशी ओळ जोडा. गूगल संस्थांना महिना १० हजार डॉलरपर्यंतच्या जाहिराती मोफत देतं, पण त्या योजनेची भुरळ एवढ्यात नको. चांगली वेबसाइट नसेल किंवा जाहिरात पाहणाऱ्यांपैकी ५ टक्के लोक तिच्यावर क्लिक करत नसतील तर ती योजना टिकत नाही.

आणि हे सगळं ज्या जीमेलवर उभं आहे तो संस्थेचा असू द्या, कार्यकर्त्याचा नव्हे. व्हॉट्सअ‍ॅपचं सिमही संस्थेच्या नावाचं घ्या, दोन टप्प्यांची सुरक्षा चालू करा, तिचा पिन आणि राखीव कोड कागदावर लिहून तो पावतीबुकांच्या कपाटात ठेवा, आणि फेसबुकच्या पानाला किमान दोन विश्वस्त पूर्ण अधिकारांसह जोडा.