डिसेक्शन टेबलवरचे आम्ही आठजण

आज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आमच्या टेबलवरचे आठहीजण भेटलो. कित्येक वर्षांनी! मेडिकलच्या पहिल्या वर्षी मृतदेहाच्या खांद्यापाशी ब्रेकियल प्लेक्सस (हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं) शोधताना कोपराला कोपर लागायचं, मृतदेह टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरायचे, तीच ही माणसं.

एकजण ऑर्थोमध्ये, दोघं भूलतज्ज्ञ, एकीने प्रॅक्टिस सोडून पूर्णवेळ शिकवायला घेतलंय. मुलं, बदल्या, चष्म्याचे नंबर सगळं भराभर सांगून झालं.

मग आमच्यातली आणखी एक मैत्रीण बोलली. बारा वर्षं सर्जरी करून ती पॅलिएटिव्ह केअरकडे, म्हणजे गंभीर आजारातल्या रुग्णांचा त्रास कमी करणाऱ्या उपचारांकडे वळलीय. म्हणाली, "पूर्वी विचारायचे, कुठे दुखतंय? आता हेही विचारते, आज काय करावंसं वाटतंय?" तिच्या एका पेशंट आजोबांना मॉर्फिनचा डोस नीट बसल्यावर तीन आठवड्यांत पहिल्यांदा सलग झोप लागली. सकाळी उठून त्यांनी काय मागावं? दाढी करायला आरसा! हे सांगताना तिचा आवाज भरून आला. आम्हीही गप्प झालो.

मला सिसिली सॉन्डर्स आठवल्या. याच क्षेत्राचा पाया घालणाऱ्या त्या अशीच वाट बदलत आलेल्या: आधी नर्स होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका, आणि १९५७ साली डॉक्टर झाल्या. १९६७ मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस (आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणारी संस्था) सुरू केलं. वाट बदलणाऱ्या माझ्या मैत्रिणीचा आज फार अभिमान वाटला. (या निर्णयापायी तिला घरच्यांची किती बोलणी खावी लागली, तेही आजच कळलं.)

कॉल संपल्यावर कपाटातून पहिल्या वर्षीचा स्टेथोस्कोप काढला. नळी कडक झालीय, पण डायफ्रामवर माझा रोल नंबर अजून दिसतो. उद्या तिला फोन करून आजोबांची चौकशी करणार आहे.