नागपुरात सायकलचा रस्ता शोधताना: काटोल नाका ते आदासा

नागपुरात नव्याने राहायला आलेल्या सायकलवाल्याला पहिला सल्ला मिळतो तो वर्धा रोडचा. रस्ता रुंद आहे, गुळगुळीत आहे, बुटीबोरीपर्यंत फारसं वळण नाही. मला हा सल्ला मुळीच पटत नाही. गाडीला जे सुख वाटतं तेच सायकलला जाचतं. चाक गुळगुळीत चालतं खरं, पण खांद्याजवळून ट्रेलर गेला की त्याची हवा आधी बाहेर ढकलते आणि मग आत ओढते, आणि हे दर मिनिटाला होत राहतं.

याचं कारण नागपूरच्या जागेतच आहे. अंतरं मोजण्यासाठी इंग्रजांनी उभारलेल्या झिरो माइलच्या खांबावर हैदराबाद, चांदा (आजचं चंद्रपूर), रायपूर, जबलपूर, सिवनी, छिंदवाडा अशी नावं कोरलेली आहेत. शहरातून निघणारे मोठे रस्ते आजही त्याच दिशांना जातात. श्रीनगर-कन्याकुमारी जोडणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि सुरतकडून ओडिशातल्या पारादीपला जाणारा ५३ इथे भेटतात, म्हणजे देशभरचा माल इथून जातो. म्हणून नव्या माणसाने एक सोपी कसोटी लावावी: ज्या रस्त्याच्या टोकाला मोठं शहर आहे, तो सोडून द्यायचा. वर्धा रोड, अमरावती रोड, भंडारा रोड, कामठी रोड या चाळणीतून गळून पडतात. अमरावती रोडवर तर शहर संपण्याआधीच वाडीची ट्रान्सपोर्टची गोदामं लागतात. समृद्धी महामार्गाबद्दलही बरेच जण विचारतात. शिवमडक्याला तो सुरू होतो हे खरं, पण त्यावर सायकलला बंदी आहे, दुचाकीलाही.

स्ट्राव्हा या सायकलवाल्यांच्या अ‍ॅपचा हीटमॅप, म्हणजे कोणत्या रस्त्याने किती जण गेले ते रंगाने दाखवणारा नकाशा, जरूर बघा, पण उलट्या नजरेने. जाड, झगझगीत रेघ एवढंच सांगते की तिथून पुष्कळ जण गेले. त्यात ब्रेवेचे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरा करायच्या लांब पल्ल्याचे सायकलवाले असतात, कामावर जाणारेही असतात. महामार्ग म्हणूनच उजळलेले दिसतात. शोधायच्या त्या मध्यम रेघा, ज्या एखाद्या तालुक्याच्या गावाकडे जातात. मग उपग्रहाचं चित्र उघडून तोच रस्ता जवळून पाहायचा. सिमेंटचा रस्ता पांढुरका दिसतो, डांबरी काळसर. कडेला मुरूम किती आहे, दुभाजक आहे का, दोन्ही बाजूंना कारखान्यांचे पत्रे आहेत की वावरं, सगळं दिसतं. शेवटी तो रस्ता एकदा रविवारी आणि एकदा मधल्या वारी, दोन्हीदा त्याच वेळेला चालवून पाहायचा. रविवारी पहाटे शांत असलेला रस्ता मंगळवारी कारखान्याची पाळी सुटताना ओळखू येत नाही.

चढ हवा की सपाटी, हे दिशेवरून ठरतं. पश्चिम नागपूर बेसाल्टच्या टेकड्यांवर आहे, म्हणून सेमिनरी हिल्स, गोरेवाडा, काटोल रोड हा भाग लाटांसारखा वरखाली होतो. पूर्वेला कन्हानच्या बाजूने जमीन सपाट होत जाते. वाराही बघा. पावसाळ्यात तो पश्चिमेकडून जोरात येतो, तेव्हा पश्चिमेला निघावं, म्हणजे दमलेले पाय परतीला वाऱ्याच्या हवाली करता येतात. हिवाळ्यात तो बहुधा उत्तर-ईशान्येकडून असतो, तेव्हा रामटेक बरं. तिथे मनसरपर्यंत महामार्गच आहे, तो सोसावा लागतो. गडाचा चढ आणि खिंडसी तलाव यांसाठी मी तो सोसायला तयार आहे, पण फक्त रविवारी.

सगळ्यांत जीव लागतो तो काटोल रोडच्या रस्त्यावर: काटोल नाका, गोरेवाडा, फेटरी, कळमेश्वर, धापेवाडा, आदासा. जायला चाळीस किलोमीटरच्या आसपास. शहर इतक्या लवकर संपतं की विश्वास बसत नाही. नाका ओलांडला की गोरेवाड्याचं जंगल लागतं आणि हवा एकदम दोन अंशांनी उतरल्यासारखी वाटते. इथला चढ लांबलचक पण सौम्य आहे, पुढे ३४ दाती चकती आणि मागे २८ दाती असली की बसूनच निघतो. पहाटे या पट्ट्यात रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर रस्ता ओलांडतात. रोही एकटी क्वचित असते, एक गेली की मागची येईपर्यंत ब्रेकवरची बोटं काढू नका. पुढचा दिवा किमान ४०० ल्युमेनचा हवा. मागचा लाल दिवा लुकलुकता न ठेवता स्थिर ठेवा, ट्रकवाल्याला अंतराचा अंदाज येतो.

फेटरीनंतर संत्र्याच्या बागा सुरू होतात. अंबिया बहराची फुलं जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत येतात, तेव्हा बागेच्या धुऱ्यावरून वास रस्त्यापर्यंत येतो. तेवढ्यासाठी वर्षातून एकदा तरी याच महिन्यात इथे यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. कळमेश्वरला औद्योगिक वसाहत आहे, ती सातच्या आत मागे टाकलेली बरी. तिथून सावनेरकडे वळणारा रस्ता सिमेंटचा आणि रुंद आहे. धापेवाडा म्हणजे विदर्भाचं पंढरपूर, चंद्रभागेच्या काठी विठ्ठलाचं देऊळ. आषाढीच्या दिवसांत वारकऱ्यांना रस्ता मोकळा ठेवावा, सायकल दुसरीकडे न्यावी. त्यापुढे आदाशाच्या गणपतीच्या टेकडीचा आखूड चढ. चतुर्थीला आणि मंगळवारी गर्दी असते.

पाणी कुठे मिळेल ही चिंता या रस्त्यावर नको. हापशापाशी थांबलं की कुणीतरी ‘कोठून आले जी?’ म्हणत दांडा हापसायला पुढे येतंच. महागड्या सायकलस्वारी-कॅफेत असलं अगत्य कुठेच दिसत नाही.

आता वर्तुळाचा मोह. नकाशावर आदाशाहून सावनेर, पाटणसावंगी, कोराडी असं घरी येणारं सुबक वर्तुळ दिसतं. करू नका. त्या बाजूला कोळशाच्या खाणी आहेत आणि खापरखेडा-कोराडीची औष्णिक केंद्रं आहेत. कोळशाची भुकटी आणि राख रस्त्याच्या कडेला, म्हणजे नेमकी सायकलच्या वाटेवर साचते. कोरडी असली तर डोळ्यांत जाते, चार थेंब पडले की साबणासारखी निसरडी होते. आल्या वाटेने परतावं.

सिमेंटच्या रस्त्यांचं नागपुरात विशेष दुखणं आहे. दर काही मीटरवर आडवा सांधा असतो आणि २५ मिलिमीटरच्या टायरमध्ये १०० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा असेल तर तो धक्का मनगटात बसतो, तासाभरात करंगळ्या बधिर होतात. २८ चा टायर घ्या. सत्तर किलोच्या माणसाने पुढे ७० आणि मागे ७५ पीएसआय भरावं. उभा सांधा जास्त वाईट, त्यात बारीक चाक अडकतं, तो तिरप्याने सावकाश न ओलांडता शक्य तितका काटकोनात ओलांडायचा. रस्त्याची कड आणि मुरूम यांत दोन-चार इंचांची पायरी असते. एकदा खाली उतरलात तर थांबून, सायकल उचलूनच वर या. बहुतेक जण पडतात ते ही पायरी चालत्या सायकलीने चढताना.

पंक्चरची कारणं इथे दोनच मोठी: बाभळीचा काटा आणि ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली केसाएवढी पोलादी तार. तार नजरेला दिसत नाही. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून कापूस फिरवा, जिथे अडकेल तिथे तार. ती काढायला बारीक चिमटा जवळ असू द्या, नाहीतर नवी ट्यूबही दहा मिनिटांत बसते. ट्यूबलेस असेल तर आतलं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव, इथल्या उन्हाळ्यात लवकर सुकतं, दोन महिन्यांनी तपासा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं असतं, त्याचे देठ मागच्या डिरेलरमध्ये (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेत) गुंडाळतात. तिथे पेडल मारू नका, वेग ठेवून सरळ जाऊ द्या. पावसाळ्यात ट्रॅक्टर वावरातली काळी माती डांबरावर आणतात. सायकल तशीच पांदणीत, म्हणजे वावरांमधल्या कच्च्या वाटेत घातलीत तर ती माती टायर आणि फोर्कच्या मधली जागा बुजवते आणि चाक फिरायचंच थांबतं.

उन्हाळ्याचं गणित वेगळं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि सूर्य साडेपाचलाच वर येतो. पाचला निघावं, साडेआठला घरात असावं, म्हणून आदासा सोडून कळमेश्वरवरूनच वळावं. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात विरघळवायची, ७५० मिलिलिटरच्या बाटलीत अख्खी ओतली तर मीठ जास्त होऊन मळमळतं. तर्री पोहे परतल्यावर. ती तिखट तर्री पोटात घेऊन गोरेवाड्याचा चढ चढवत नाही.