तळवे समोर

शरीरशास्त्राच्या पुस्तकातला माणूस ज्या ऐटीत उभा असतो, तसा माणूस मी उभ्या वडोदऱ्यात पाहिलेला नाही. नजर समोर, हात अंगालगत सरळ आणि तळवे पुढे. मांडवी दरवाज्याखाली कुणी असं उभं राहिलं, तर जाणारा-येणारा हातावर रुपया टेकवेल.

फिजिओथेरपी शिकणारी माझी भाची म्हणते, "मामा, सगळं तिथूनच मोजतात." पेशंट झोपलेला असो की शीर्षासनात, तो असाच उभा आहे असं धरायचं. म्हणून शीर्षासनातही डोकं पायांच्या 'वर'च! डावं-उजवंही पेशंटचं, बघणाऱ्याचं नव्हे. आमच्या सोसायटीच्या मीटिंगला हा नियम लावायला हवा.

तळवे पुढे का? तर कोपराखालची दोन हाडं, रेडियस आणि अल्ना, तेव्हा समांतर असतात. तळवा मागे फिरवला की अंगठ्याकडचा रेडियस अल्नावरून तिरका जातो. हे प्रोनेशन, उलट फिरवलं की सुपिनेशन. तीर्थ घेताना सुपिनेशन, तांब्या कलंडवताना प्रोनेशन.

मध्यरेषेपासून दूर जाणं ते अॅबडक्शन, जवळ येणं ते अॅडक्शन. कानाला दोन्ही सारखीच, म्हणून वर्गात 'एबी-डक्शन', 'एडी-डक्शन' असं फोडून म्हणतात. नवरात्रात गरब्याच्या मैदानावर दोन्हींचा नुसता पूर येतो. पण बोटांची मध्यरेषा निराळी. हाताची मधल्या बोटातून जाते, त्यामुळे ते बिचारं डावीकडे हलो की उजवीकडे, दोन्ही वेळा दूरच गेलेलं. पायाची रेषा मात्र अंगठ्याशेजारच्या बोटातून. म्हणजे जोडवी घालतात, तेच बोट! हे ऐकून माझी बहीण उगाचच खूश झाली.

सयाजीबागेतल्या म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. देवमाशाच्या पुढच्या वल्ह्यासारख्या परांमध्येही आपल्यासारखेच ह्यूमरस (दंडाचं हाड), रेडियस, अल्ना असतात. पण कोपर वाकत नाही, हलतो तो खांदा. एवढं धूड, आणि पाठ खाजवायची सोय नाही. आपल्याला त्यासाठी खांद्याचं एक्स्टेन्शन म्हणजे हात मागे नेणं, अॅडक्शन, आतल्या बाजूचं रोटेशन आणि कोपराचं फ्लेक्शन म्हणजे वाकणं, हे सगळं एकदम लागतं. आखडलेला खांदा तपासताना नेमकं हेच करायला लावतात, आणि अंगठा कुठल्या मणक्यापर्यंत पोचला ते लिहून ठेवतात. भाचीनं माझाही हात मागे न्यायला लावला. "मामा, मणक्याचं राहू दे," ती म्हणाली, "तू अजून पँटच्या खिशापाशीच आहेस."